वाचकांचे प्रश्न: शिनोंची बाटली, तुरटपणा आणि ढोबळी मिरचीचा वास

फ्रेंच रेड वाइनबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेकांच्या हातात आहे ती लुआर नदीच्या खोऱ्यातली शिनों, म्हणून उत्तरंही तिच्याच आधाराने दिली आहेत. चाखायची पद्धत मात्र कुठल्याही रेड वाइनला लागू पडेल.

प्रश्न (पुणे): मुलाने फ्रान्सहून शिनोंच्या एका छोट्या मळ्यातली २०१८ सालची रेड वाइन आणली आहे. आम्ही वाइन क्वचित घेतो. ती वाया जाऊ नये, नीट कळावी असं वाटतं. घरच्या घरी कशी चाखावी?

उत्तर: आधी बाटलीत काय आहे ते पाहू. शिनों हे तुरेन भागातलं, व्हिएन नदीकाठचं गाव. या नावाने वाइन विकायला १९३७ पासून कायद्याची चौकट आहे. इथली रेड काबर्ने फ्राँ या द्राक्षाची. नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या जमिनीतली हलकी आणि लवकर प्यायची, तर उतारावरच्या मऊ पांढऱ्या चुनखडीवरची भरीव आणि टिकणारी. २०१८ हे तिथे उबदार साल होतं, फळ छान पिकलं. त्यामुळे तुमच्या बाटलीत रासबेरी, जांभळासारखं गडद फळ, थोडं व्हायोलेट फूल आणि नुकत्याच तासलेल्या शिसपेन्सिलीचा वास मिळावा.

बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा. छोटे मळेवाले पुष्कळदा वाइन गाळत नाहीत, तळाशी गाळ असतो. तो रंगद्रव्य आणि टॅनिनचा (साली-बियांतल्या तुरट द्रव्याचा) असतो, दोष नव्हे, पण पेल्यात आला तर चव कडवट आणि खरखरीत लागते.

तापमानाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. रेड वाइन ‘घरातल्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला थंड घरांसाठी आहे. पुण्यात एप्रिलमध्ये घरात ३० अंश असतात, आणि त्या तापमानाला नाकात फक्त अल्कोहोल शिरतं. ही वाइन १५-१६ अंशांवर हवी. त्यासाठी फ्रिजमध्ये साधारण दोन तास, किंवा बर्फ आणि पाणी भरलेल्या बादलीत पंधरा मिनिटं. फार थंड झाली तर उलट तुरटपणा टोचायला लागतो.

पेला पातळ काचेचा, पोट रुंद आणि तोंड निमुळतं. चाखण्यासाठीच्या प्रमाण पेल्याचा नमुना १९७७ पासून ठरलेला आहे: उंची १५५ मिलिमीटर, पोटाशी व्यास ६५, तोंडाशी ४६, आणि त्यात वाइन फक्त ५० मिलिलिटर. तो नसला तरी प्रमाण तेच ठेवा, म्हणजे एक चतुर्थांशाहून जास्त भरू नका. वरची जागा वासासाठी असते. कपाटातून काढलेल्या पेल्याला लाकडाचा किंवा फडक्याचा वास असतो, म्हणून आधी थोड्या वाइननेच तो विसळून घ्या. त्या दिवशी आसपास उदबत्ती नको, स्वयंपाकघरात फोडणी नको, आणि तासभर आधी पान किंवा मसाल्याचा चहाही नको.

आता क्रम. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेचा रंग पाहा. जांभळट कड म्हणजे तरुण, विटकरी झाक म्हणजे वयस्क. रंग गडद म्हणजे वाइन चांगली, असं मुळीच नाही. काचेवरून ओघळणाऱ्या धारांवरूनही गुणवत्ता कळत नाही, त्या मुख्यतः अल्कोहोलमुळे पडतात. मग पेला न हलवता एकदा हुंगा. पटकन उडणारे वास, आणि दोषही, या पहिल्या हुंगण्यात सापडतात. नंतर पेला टेबलावरच चार-पाच वेळा गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. लांबलचक श्वास नको. दोन-तीन छोटे श्वास, मग विश्रांती, कारण नाक लवकर थकतं.

घोट साधारण १० मिलिलिटरचा, म्हणजे दोन चमचे. ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, वाइन जिभेवर आणि हिरड्यांवर फिरवा, दहा सेकंदांनी थुंका किंवा गिळा. आता घड्याळ पाहा. आंबटपणा आणि तुरटी (म्हणजे तुरटपणा) सोडून द्या, फळाचा वास तोंडात किती सेकंद रेंगाळतो ते मोजा. फ्रेंच लोक या सेकंदाला कोदाली म्हणतात. आमचा अंदाज असा: तीनच्या आत संपली तर वाइन तोकडी, पाच-सहा म्हणजे ठीक, आठच्या पुढे गेली तर मळेवाल्याने मन लावून काम केलं आहे.

आणि एक कराच. बाटली उघडल्याबरोबर त्यातली निम्मी वाइन ३७५ मिलिलिटरच्या स्वच्छ बाटलीत अगदी काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा. उरलेली वीस मिनिटांनी, मग दोन तासांनी चाखा, आणि ठेवलेली दुसऱ्या दिवशी. छोट्या मळ्याच्या वाइनवर पहिल्या घोटाला निकाल देणं अन्यायाचं आहे.

प्रश्न (नाशिक): आमची वाइन द्राक्षाची बाग आहे. शिनोंची २०२१ सालची वाइन चाखली तर कापलेल्या ढोबळी मिरचीचा वास आला. तिथल्या लोकांना तो आवडतो म्हणे. हा दोष की लकब?

उत्तर: दोन्ही असू शकतं, आणि फरक ओळखण्यातच परीक्षा आहे. हा वास आयसोब्युटाइल मेथॉक्सिपायराझिन या एकाच रेणूचा. ढोबळी मिरचीतही तोच असतो. एका लिटर रेड वाइनमध्ये १०-१५ नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम) असला तरी नाकाला लागतो. काबर्ने फ्राँ आणि काबर्ने सोव्हिन्यों या दोघांत तो उतरतो. १९९७ मध्ये डीएनए तपासून सिद्ध झालं की काबर्ने सोव्हिन्यों ही काबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षांचीच संतती, तेव्हा नातं घरातलंच आहे.

बागेत काय घडतं ते तुम्हाला लगेच पटेल. मण्यात पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ होऊन रंग धरण्याच्या, आधीपर्यंत हा रेणू साठत जातो आणि त्यानंतर कमी होतो. घडावर सुरुवातीच्या काळात ऊन पडलं तर तो मुळात कमी साठतो. म्हणून घडाजवळची पानं पाणी उतरण्याआधी काढली तर उपयोग, नंतर काढून फारसा फरक नाही. वेल माजली, नत्र किंवा पाणी जास्त झालं, घड सावलीत राहिले, की हिरवा वास पक्का. २०२१ मध्ये लुआरकाठी एप्रिलच्या हिमकडाक्याने कोंब जळाले आणि पुढचा उन्हाळाही थंड गेला. तुमच्या पेल्यातली मिरची तिथून आली.

वाइनरीत हा वास काढता येत नाही, असंच समजून चाला. तो सालीतून आणि देठातून पहिल्या दिवसातच रसात उतरतो, त्यामुळे साली लवकर वेगळ्या करूनही सुटका नाही. बाटलीतही तो टिकतो, उलट फळ विरत जातं तसा जास्त उघडा पडतो. त्यामुळे ‘ठेवा, मुरेल’ हा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

निकाल असा लावा. वास बारीक आहे, पेला फिरवल्यावर मागे सरतो, पुढे रासबेरी आणि फूल येतं, तुरटी बारीक दळाची आहे, तर ती लकब. तिच्यामुळे वाइन ताजी वाटते, आम्हालाही आवडते. वास हटत नाही, सोबत देठ चावल्यासारखा कडवटपणा आहे, मधला घोट पाणचट आहे आणि चव तीन सेकंदांत संपते, तर फळ कच्चं तोडलं होतं.

तुमच्या बागेसाठी एक सावधगिरी. आपल्याकडे गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे शेवटी ऊन चढत जातं. फ्रान्समध्ये ते उतरत जातं. तिथल्यासारखी दोन्ही बाजूंची पानं काढली तर मणी भाजतील. सकाळचं ऊन येतं तेवढीच, पूर्वेकडची बाजू मोकळी करा.

प्रश्न (ठाणे): वाइन प्यायल्यावर तोंड कोरडं पडलं, जीभ जड झाली. बाटली खराब होती का?

उत्तर: नाही. ते टॅनिन. सालीतून, बियांतून आणि लाकडी पिंपातून ते येतं, आणि लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतं. लाळेचं वंगण गेलं की तोंड कोरडं लागतं.

या बाबतीत मराठी माणूस भाग्यवान आहे. तुरट ही चव आपल्याकडे लहानपणापासून वेगळी ओळखली जाते, आणि तिच्या जातीही आपल्याला ठाऊक आहेत. पिकलेल्या जांभळाची तुरटी जिभेवर मखमलीसारखी बसते आणि मागे फळ ठेवते. कोकमाच्या सालीची तुरटी आंबटाबरोबर येते, निघूनही जाते. कच्च्या केळ्याचा चीक दातांना चिकटतो. सुपारी हिरड्या आवळते. कात सगळ्या गालाला लेप देतो. वाइनची टिपणं काढताना हेच शब्द लिहा. ‘पिकल्या जांभळासारखी’ असं लिहिलेलं घरातल्या सगळ्यांना कळतं. न खाल्लेल्या काळ्या करंटचं नाव लिहून कुणालाच काही कळत नाही.

कुठे जाणवतं तेही पाहा. जिभेच्या मधोमध आणि बारीक दळाचं असेल तर ते बहुधा पिकलेल्या सालीचं. पुढच्या हिरड्यांवर, खरखरीत आणि कडवट असेल तर कच्च्या बियांचा किंवा जास्त दाबाने पिळल्याचा संशय घ्या. शेवटी, गालाच्या आत, व्हॅनिलासोबत येणारं कोरडं टॅनिन नव्या पिंपाचं असतं.

तुरटी घोटागणिक साठत जाते, त्यामुळे रांगेतली चौथी वाइन नेहमी पहिलीपेक्षा कठोर वाटते. दोन वाइनच्या मध्ये पाणी, साध्या पावाचा तुकडा आणि दोन मिनिटं द्या. शंका राहिली तर क्रम उलटा करून पुन्हा चाखा.

प्रश्न (मुंबई): मागवलेल्या तीन बाटल्यांपैकी एकीचं बूच वर आलं होतं, दुसरीला कुबट वास होता आणि तिसरी, ‘नैसर्गिक’ लिहिलेली, गिळल्यावर विचित्र लागली. दुकानदार म्हणतो, छोट्या मळ्याची वाइन अशीच असते. खरं आहे का?

उत्तर: नाही. मळा छोटा म्हणून दोषाला सूट नाही. पाच एकरांत वाइन स्वच्छ करता येते आणि पाचशे एकरांत घाण.

पहिली बाटली तापली आहे. उन्हात उभ्या गाडीत किंवा बंद गोदामात वाइन फुगते, बूच ढकलते. बुचावरचं आवरण काढून पाहा, खाली चिकट ओघळ असेल आणि पातळी उतरली असेल तर खात्री. चव शिजवलेल्या जामासारखी, मनुकांची, आणि ताजेपणा गेलेला. ती सुधारत नाही.

दुसरीत बहुधा ट्रायक्लोरोअनिसोल हा बुचातून येणारा कुबट वासाचा रेणू आहे. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. पावसाळ्यात भिजून तसंच राहिलेलं गोणपाट किंवा ओला पुठ्ठा, असा वास. सौम्य असला तर वास जाणवतही नाही, फक्त फळ मुकं होतं, आणि लोक मळेवाल्याला दोष देतात. हवा लागल्यावर तो जात नाही. यावरून तो ओळखा. बाटली परत द्या.

याच्या उलट, काळ्या मिठाचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका. हायड्रोजन सल्फाइडचा तो वास, वाइनला हवा कमी मिळाल्याची खूण. वाइन दुसऱ्या भांड्यात जोरात ओता, अर्धा तास थांबा. तरी राहिला तर पेल्यात स्वच्छ घासलेली तांब्याची तार मिनिटभर फिरवून हुंगा. वास गेला तर निदान बरोबर. तो पेला मात्र ओतून द्या, आणि वाइन तांब्याच्या भांड्यात कधीही साठवू नका. आम्लात तांबं विरघळतं.

नेलपॉलिशचा किंवा शिरक्याचा वास म्हणजे उडणारं आम्ल वाढलेलं. युरोपात रेड वाइनला त्याची मर्यादा लिटरमागे १.२ ग्रॅम अॅसेटिक आम्ल इतकी आहे, पण त्याआधीच नाकाला टोचू लागतं. गोठ्याचा, घामेजल्या खोगिराचा किंवा जखमेवरच्या चिकटपट्टीचा वास ब्रेटानोमायसिस यीस्टचा. किंचित असेल तर काही जण त्याला ‘मातीचा गुण’ म्हणून गौरवतात. आमचं मत स्पष्ट आहे: फळाला झाकतो तो दोष.

तिसरी बाटली सगळ्यात फसवी. हुंगल्यावर छान, गिळल्यावर दहा-वीस सेकंदांनी मागून उंदराच्या पिंजऱ्याचा वास. गंधक (वाइन टिकावी म्हणून घालतात ते) न घातलेल्या वाइनमध्ये हा होतो. यामागच्या रेणूंपैकी एक, अॅसिटिल पायरोलिन, सुवासिक तांदळाला सुगंध देणाराच आहे! भातात हवाहवासा, वाइनमध्ये नकोसा. वाइनच्या आम्लात तो उडत नाही, लाळेत आम्ल कमी झालं की मोकळा होतो. म्हणून चाचणी सोपी: चमचाभर वाइनमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा टाका आणि हुंगा. किंवा दोन थेंब मनगटावर चोळा. काही जणांना तो मुळीच जाणवत नाही, तेव्हा चाचणी दोघांनी करा.

प्रश्न (लियों, फ्रान्स): शिक्षणासाठी इथे आहे. सुट्टीत शिनोंजवळच्या छोट्या मळ्यांवर जायचं आहे. काय विचारावं, लेबलवर काय पाहावं?

उत्तर: फोन करून वेळ ठरवा, सप्टेंबर-ऑक्टोबरची काढणी टाळा. क्राव्हाँ-ले-कोतो या गावाच्या आसपास मळे दाट आहेत. गाडी तुम्ही चालवणार असाल तर प्रत्येक घोट थुंका. तिथे ते असभ्य नाही, बादली ठेवलेलीच असते. रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोल ही कायदेशीर मर्यादा आहे, नवशिक्या चालकांना ०.२.

लेबलवर ‘मिझ आँ बुतेय ओ दोमेन’ म्हणजे मळ्यावरच भरलेली. बुचावरच्या आवरणावर आर अक्षर असेल तर द्राक्ष पिकवणाराच वाइन करणारा, एन असेल तर व्यापारी. ‘व्हिएय व्हिन्य’, म्हणजे जुन्या वेली, या शब्दांना कायद्यात व्याख्या नाही. किती वर्षांच्या ते विचारा. जमीन वाळूची की चुनखडीची, हाताने तोडणी की यंत्राने, साली रसात किती दिवस, भरताना एकूण गंधक किती, कधी भरली, हे विचारा. हलक्या वाइनला साली दहा-बारा दिवस पुरतात. उतारावरच्या वाइनला तीन-चार आठवडे ठेवल्या तर ती काही वर्षं मुरवायची आहे, असं समजा. हेक्टरी ४० हेक्टोलिटर (४,००० लिटर) वाइन निघाली तर सुमारे ५,३०० बाटल्या होतात. पाच हेक्टरवाल्याकडे २६-२७ हजार. यावरून ‘छोटा’ शब्दाला आकार येतो.

तळघरात चाखताना दोन गोष्टी फसवतात. चुनखडीत कोरलेल्या त्या गुहा बाराही महिने १२ अंशांच्या आसपास असतात, तिथे टॅनिन कठोर लागतं आणि अल्कोहोल लपतं. आणि समोर ठेवलेलं बकरीच्या दुधाचं सेंत-मोर चीज तुरटी मऊ करतं. चीज शेवटी खा. निवडलेल्या वाइनची एक बाटली मुक्कामी नेऊन, १६ अंशांवर, काही न खाता चाखा, मग जास्त घ्या. भारतात येताना प्रौढ व्यक्तीला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे दोन बाटल्या. तिसरी हद्दीबाहेर जाते.

प्रश्न (बंगळूर): आम्ही मित्र मिळून वाइनला गुण देतो, पण महागड्या बाटलीला नेहमी जास्त मिळतात. खरंच फरक कळतो का, हे कसं तपासावं?

उत्तर: लेबल झाकून. डोळा नाकाला किती चकवतो याचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला बोर्दोचा प्रयोग आहे: पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळला, आणि वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिला रेड वाइनचे शब्द लावले.

तुम्ही तीन पेल्यांची चाचणी करा. दोन पेल्यांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. भरणारा वेगळा, चाखणारा वेगळा, बाटल्या मोज्यात घातलेल्या, तापमान एकच. वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून सहा वेळा करा आणि दर वेळी जागा बदला. सहापैकी पाच किंवा सहा बरोबर आले तर फरक खरोखर कळतो आहे. नशिबाने तसं होण्याची शक्यता शंभरात दोनहूनही कमी. हे जमल्यावरच गुण द्या. वीसपैकी नजरेला २, नाकाला ६, तोंडाला ८, आणि लांबी व तोल मिळून ४ ही वाटणी आम्ही वापरतो. गुण प्रत्येकाने न बोलता कागदावर लिहायचे. एकाने ‘वा!’ म्हटलं की बाकीच्यांची नाकं त्याच्या मागे जातात.

पेले रिकामे झाल्यावर लगेच धुऊ नका. दहा मिनिटांनी रिकामा पेला हुंगा: अल्कोहोल उडालेलं असतं, पिंपाचं लाकूड, धूर, बुरशी जे काही तळाशी असेल ते तिथे स्वच्छ सापडतं.